चीफ ऑफिसरच्या बायकोचा रिलीव्हर

“मॅडम, मला रिलीव्हर हवाय,” मानसी गोरे फोनवर म्हणाली.

ती नवऱ्याचं विचारतेय असं समजून मी नेहमीच्या सवयीनं उत्तर दिलं. “संदीपचा रिलीव्हर ठरलाय गं. सिंगापूरला चढेल. बोट तिथे पोचली की संदीप उतरला म्हणून समज.”

“संदीपला नाही. मला.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झालाय. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगावं लागू नये म्हणून पुढचंही एका दमात सांगून टाकलं. गर्भाशयात गाठी आहेत. रक्तस्राव थांबत नाही. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलंय की जिना चढताना मधे बसावं लागतं. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा तिनं पुढे ढकलली. आता डॉक्टर चिडल्या होत्या. येत्या सोमवारी ॲडमिट व्हायचं, आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. आणखी थांबलात तर दुसरा डॉक्टर शोधा, म्हणाल्या.

“मग हो की ॲडमिट,” मी म्हणाले.

“होते. अण्णांना कोण बघणार, तेवढं सांगा.”

इथे थोडं माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी एका शिपिंग कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात क्रूइंग बघते. पुण्यात शिपिंगचं ऑफिस म्हटलं की लोक हमखास विचारतात, मुठेत चालवता का बोटी? बोटी मुठेत नाहीत, पण त्यांच्यावर चढणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. कोणत्या बोटीवर कोण, कधी चढणार, कधी उतरणार, हे ठरवणं म्हणजे क्रूइंग. चढला की ‘साइन ऑन’, उतरला की ‘साइन ऑफ’. उतरणाऱ्याच्या जागी जो चढतो तो त्याचा ‘रिलीव्हर’. रिलीव्हर आल्याशिवाय आधीचा माणूस उतरू शकत नाही. मग त्याच्या घरी लग्न असो, बारसं असो. बोट रिकाम्या खुर्चीवर चालत नाही.

मी स्वतः आयुष्यात बोटीवर पाय ठेवलेला नाही. मला सिंहगडाच्या घाटातसुद्धा गाडी लागते. पण रिलीव्हर शोधण्यात माझी हयात गेली आहे, आणि त्यात मला कोणी शिकवावं असं मला वाटत नाही.

मानसीला मी संदीपच्या लग्नापासून ओळखते, बहुतेक फोनवरच. कर्वेनगरला त्यांचा फ्लॅट. घरात ती, बारावीतली मुलगी ईशा आणि सासरे अण्णा. अण्णा म्हणजे निवृत्त मराठीचे शिक्षक. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली. त्यांना उठवणं, खुर्चीत बसवणं, अंघोळ, जेवण सगळं मानसीवर. आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की ऑपरेशननंतर दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

“ब्यूरोतून बाई आण ना,” मी म्हटलं.

“आणल्या. तीन आणल्या. अण्णांनी तिघींचं शुद्धलेखन काढलं. शेवटची जाताना म्हणाली, ताई, मी आजारी माणूस सांभाळायला आले होते, परीक्षेला नाही.”

“नातेवाईक?”

“येतात ना. बसतात, पोहे खातात, काही लागलं तर सांग म्हणतात आणि जातात.”

“संदीपला सांगितलंस?”

“नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही.”

हा आमच्या लोकांचा जुना रिवाज. माणूस पाण्यावर असताना त्याला घरचं वाईट कळवायचं नाही. कळून करणार काय? नुसता झोप घालवून बसणार. पोरांचे मोडलेले हात बायका प्लॅस्टर निघाल्यावर सांगतात. मला हा रिवाज कधीच पटलेला नाही. संदीप चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखाल, सगळा माल त्याच्या जिवावर. अशा माणसाला तिसऱ्याच कोणाकडून, अर्धवट, भलतंच काहीतरी कळलं, तर ते फार वाईट. मी मानसीला तसं सांगितलं.

“आधी माझा माणूस आणा,” ती म्हणाली. “मग त्याला सांगते. सोय झालीये हे वाक्य पहिलं आणि ऑपरेशन हे दुसरं. उलटं सांगितलं तर तो बोटीवरून उडी मारेल.”

मी फोन ठेवला आणि कॅप्टन नाडकर्णींच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे बॉस. निम्मं आयुष्य समुद्रावर काढून आता खुर्चीत आलेले.

“गोरेच्या बायकोचं ऑपरेशन आहे,” मी म्हटलं.

“उतरवा त्याला. कम्पॅशनेट ग्राउंड्स.”

म्हणजे घरी गंभीर आजारपण असेल तर कॉन्ट्रॅक्ट अर्धवट ठेवून माणसाला घरी पाठवायचं. आमची कंपनी याबाबतीत चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

“कुठे उतरवू?” मी विचारलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर बोट शोधली. ब्राझीलहून लोहखनिज भरून निघालेली, आफ्रिकेला वळसा घालून आता हिंदी महासागराच्या मधोमध. एक ठिपका आणि चारी बाजूंना निळं. सिंगापूरच्या आधी थांबणं नाही. तिथे पोचेपर्यंत मानसीचा सोमवार केव्हाच उलटून गेला असता.

“मग आपण काय करणार?” कॅप्टन म्हणाले.

“ती नवरा मागतच नाहीये. रिलीव्हर मागतेय. स्वतःला.”

कॅप्टननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “साठेबाई, आपण शिपिंग कंपनी आहोत. आया ब्यूरो नाही.”

“मला फक्त फोन करायचेत. कंपनीचे फोन, कंपनीच्या वेळात. तेवढी परवानगी द्या.”

“आणि नाही दिली तर?”

“तर मी घरून करीन आणि उद्या उशिरा येईन.”

ते हसले. हसले म्हणजे परवानगी, हे मला इतक्या वर्षांनी कळतं.

रिलीव्हर शोधताना आम्ही तीन गोष्टी बघतो. माणसाकडे त्या कामाचं सर्टिफिकेट आहे का, तो फिट आहे का आणि तो मोकळा आहे का. तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. मी तोच हिशेब इथे लावला. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं? कोण धडधाकट आहे? आणि कोणाचा नवरा सध्या लीव्हवर घरी आहे, म्हणजे तिचं घर तिच्याविना चार दिवस तरू शकेल? आमच्या माणसांच्या बायका मला माणसांपेक्षा जास्त ओळखीच्या. पगार उशिरा आला, फोन लागत नाही, तो खरंच उतरणार आहे ना, असे सगळे फोन त्याच करतात.

पहिली म्हणाली, करायला काही हरकत नव्हती, पण आम्ही काश्मीरला चाललोय. दुसरी म्हणाली, अहो तो आत्ता आलाय, आणि पुढे लाजून गप्प बसली. मीही जास्त खोदलं नाही. तिसरी सुनंदा वानखेडे.

सुनंदा मूळची अमरावतीकडची, राहायला येरवड्याला. नवरा सेकंड इंजिनिअर, महिन्यापूर्वी उतरलेला. सासू अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं सुनंदानंच केलं. म्हणजे सर्टिफिकेट पक्कं. मी तिला सगळं सांगितलं आणि घाबरत घाबरत विचारलं, “तू मोकळी आहेस का गं?”

“मोकळी?” ती म्हणाली. “मॅडम, हा माणूस आल्यापासून घर खोलून बसला आहे. पहिले मिक्सर खोलला. मग वॉशिंग मशीन. काल गिझरकडे पाहून राहिला होता. मी येतो. आजच येतो. करू दे त्याला पोराचा डबा.”

“पण सासरे जरा कडक आहेत. भाषेच्या बाबतीत.”

“मग? मले काय त्यांच्याशी लग्न करायचं आहे?”

मी कॅप्टनना जाऊन सांगितलं की माणूस मिळाला. त्यांनी विचारलं, कोणाची बायको? वानखेडेची, मी म्हटलं. ते गंभीर झाले. “अहो, तो इंजिनवाला. गोरे डेकवाला.” बोटीवर डेकवाले आणि इंजिनवाले म्हणजे एकमेकांना कायम टोमणे मारणारी दोन घराणी. मी म्हटलं, स्वयंपाकघर कोणत्या खात्यात येतं ते कळवा, तोवर मी तिला पाठवते. त्यांनी फोन उचलून कोणालातरी लावल्यासारखं केलं.

शनिवारी मी सुनंदाला घेऊन कर्वेनगरला गेले. मानसीला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. दार उघडून ती भिंतीला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मला एकदम रागच आला, तिचा नाही, कोणाचा ते कळेना. पण राग आला.

आता हँडओव्हर. बोटीवर उतरणारा माणूस चढणाऱ्याला सगळं फिरून दाखवतो. कोणता वॉल्व्ह घट्ट आहे, कोणता पंप रुसतो, सगळं. मानसीनं तसंच घर फिरवून दाखवलं. गॅसचा डावा बर्नर आधी काडीनं पेटवायचा. अण्णांच्या गोळ्या जेवणाआधीच्या कोणत्या, नंतरच्या कोणत्या. त्यांना उठवताना उजवीकडून, आणि आधी सांगून. चहा आल्याचा, साखर अर्धी, पण अर्धी आहे हे सांगायचं नाही. सुनंदा सगळं ऐकत होती, मधूनच परत म्हणून दाखवत होती.

मग अण्णांच्या खोलीत. सगळं गाडं इथे अडणार हे आम्हा तिघींना माहीत होतं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी सुनंदाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाव?”

“सुनंदा. मी आता इथेच राहतो, मानसीताई येईपर्यंत.”

“राहते,” अण्णा म्हणाले. “आपण स्त्री आहात. राहते.”

“आमच्याकडे बाया बी राहतो म्हणतात. पानी देऊ?”

“पाणी. ण. जीभ टाळूला लावा.”

मानसीनं डोळे मिटून घेतले. मला ही चौथी बाईही जिना उतरताना दिसायला लागली. सुनंदानं पेला भरला, अण्णांच्या उजव्या हातात दिला आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“हे आधी पिऊन घ्या न जी. मग शिकवा. मला दुपारी कामच नसते.”

अण्णा पाणी प्यायले. ओठ पुसायला त्यांनी मान पुढे केली आणि सुनंदानं सहज पदरानं पुसले. मग अण्णा म्हणाले, “रोज चार वाजता बसायचं. उशीर चालणार नाही.” तीन बायका पळवून लावणाऱ्या माणसाला खरं म्हणजे विद्यार्थी हवा होता, आणि पळून न जाणारा हवा होता. माझा जीव भांड्यात पडला.

एकच अडचण उरली, ती मानसीची. हँडओव्हर झाला तरी ती हलेना. सुनंदा ओट्यापाशी गेली की ही मागे. डबा वर ठेवला की ही खाली ठेवते. शेवटी मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

“मानसी, बोटीवर हँडओव्हर झाला की जुन्या माणसानं शिडी उतरायची असते. घुटमळायचं नसतं. नवा माणूस गोंधळतो.”

“मला उतरायची सवयच नाही हो,” ती म्हणाली आणि रडायला लागली. सोफ्यावर बसून चांगली पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, “लावा संदीपला.”

हल्ली बोटीवर इंटरनेट असतं, व्हॉट्सॲप चालतं, पूर्वीसारखं राहिलेलं नाही. संदीपचा चेहरा अडखळत अडखळत पडद्यावर आला. तिनं ठरवल्याप्रमाणे आधी सोय सांगितली, मग ऑपरेशन. त्याचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला. मला वाटलं, नेट गेलं. मग म्हणाला, “मी उतरतो.”

“कुठे उतरणार?” मी मागून म्हटलं. “पाण्यात?”

“मॅडम, तुम्ही तिथे कशा?”

“मी हँडओव्हरला आले होते. तू तुझा माल सांभाळ. सिंगापूरला तुझा माणूस तयार आहे, तिकीट मी काढलंय.”

त्यानं मान हलवली. मानसी फोन घेऊन आत गेली आणि दार लावलं. ते काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

सोमवारी ती ॲडमिट झाली. ईशा सोबत राहिली, पुस्तकं घेऊन. ऑपरेशनच्या दिवशी मी ऑफिसातून सरळ हॉस्पिटलमध्ये गेले. काउंटरवरच्या सिस्टरनी विचारलं, “आपण पेशंटच्या कोण?”

“तिच्या नवऱ्याच्या कंपनीतली.”

“म्हणजे कोणी नाही.”

“तुम्हाला काय लिहायचं ते लिहा,” मी म्हणाले. “मी या बाकावर बसणार आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकावरची कोणाचीतरी पिशवी उचलून मला जागा करून दिली. ईशा माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात केमिस्ट्रीचं पुस्तक होतं आणि पान काही उलटत नव्हतं. “बाबा नेहमी नसतोच,” ती म्हणाली, “पण आई नाहीये असं कधी झालं नव्हतं.” मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत मी शेकडो माणसं बोटींवर चढवली, पण ज्या घरातून ती उठून जातात तिथे मागे कोण उरतं, ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. चुकून काही झालं तर हिंदी महासागरातल्या त्या माणसाला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टर बाहेर आल्या. टोपी काढत म्हणाल्या, “छान झालं. गाठी साध्या होत्या. शुद्धीवर येतेय, आणि सासऱ्यांनी चहा घेतला का, असं विचारतेय. ही काय भानगड आहे?”

ईशा रडायला लागली आणि हसायलाही. माझेही डोळे भरून आले. मी सुनंदाला फोन केला, अण्णांनी चहा घेतला होता. मग संदीपला मेसेज केला. त्याचं उत्तर लगेच आलं, म्हणजे तो फोन हातात धरूनच बसला असणार. उत्तरात फक्त हात जोडलेलं चित्र होतं.

मानसी घरी आली ती पाहुणीसारखी. सुनंदानं तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. “तुमचा चार्ज माझ्याकडे आहे,” म्हणाली. चार वाजता अण्णांच्या खोलीतून ‘ण, ळ, ण, ळ’ असा आवाज यायचा, मानसी पलंगावर पडून ऐकायची. तिला इतकी झोप कधी मिळाली नव्हती, असं तिनं मला नंतर सांगितलं. येरवड्यालाही सगळं ठीक होतं. वॉशिंग मशीन चालू झालं होतं आणि बाप-लेक रोज खिचडी खात होते.

संदीप आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. खरं तर माझं काही काम नव्हतं, पण हा हँडओव्हर मला चुकवायचा नव्हता. नियमानं चार्ज रिलीव्हरकडे असतो आणि पुढच्याला तोच देतो. त्यामुळे संदीपला त्याचं स्वतःचं घर एका इंजिनवाल्याच्या बायकोनं समजावून दिलं. हा बर्नर काडीनं. या गोळ्या आधी. उजवीकडून उठवायचं. एवढ्या मोठ्या बोटीचा माल सांभाळणारा माणूस, हात मागे बांधून, मान डोलवत मागे मागे फिरत होता.

“आता म्हणून दाखवा,” सुनंदा म्हणाली.

त्यानं म्हणून दाखवलं. गोळ्या उलट्या सांगितल्या.

“चूक,” अण्णा आतून म्हणाले. “पुन्हा.”

पलंगावर मानसी पोट धरून हसत होती. “हसवू नका हो, टाके दुखतात.”

मी निघाले तेव्हा संदीप जिन्यापर्यंत आला. त्यानं माझ्या चपला पुढे सरकवल्या. मग म्हणाला, “मॅडम, तिनं तुमच्याकडे माणूस मागितला. मला नाही मागितलं.”

“मागितलं असतं तर तू आला असतास?”

“येताच आलं नसतं.”

“ते तिला माहीत होतं. म्हणून नाही मागितलं.”

“तेच लागतंय मला,” तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो परत वर गेला, कारण अण्णांना खुर्चीतून उठवायची वेळ झाली होती.

त्या खेपेला संदीपनं लीव्ह वाढवून घेतली. मानसी आता जिना सलग चढते. सुनंदानं निघताना एकच अट घातली होती, की तिचा नवरा बोटीवर असताना तिला काही झालं तर मानसीनं यायचं. मानसीनं तिथल्या तिथे हो म्हटलं. अण्णा अजून अधूनमधून विचारतात, ती पानीवाली कधी येणार? आणि ‘पानी’ म्हणताना जीभ टाळूला लावत नाहीत.

माझ्या कामात एक बदल झाला. नवीन मुलं जॉइन करायला येतात तेव्हा पासपोर्ट, मेडिकल, सर्टिफिकेट सगळं तपासून झालं की मी विचारते, “घरी रिलीव्हर कोण?”

“म्हणजे?” सगळे हेच विचारतात.

“आज घरी जाऊन बायकोला विचार. उद्या येऊन मला सांग. मग तिकीट.”

दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा बहुतेक जण आदल्या दिवशीपेक्षा कमी बोलतात. काहींकडे नाव असतं, काहींकडे नसतं. नसेल तर मी फोन घेऊन बसते. कॅप्टन नाडकर्णी आता ब्यूरोचं नाव काढत नाहीत.

परवा एक थर्ड ऑफिसर आला. लग्न नुकतंच झालेलं, बायको हिंजवडीला नोकरीला. तो टेबलासमोर उभा राहून चुळबुळ करत होता.

“विचारलंस का बायकोला?”

“विचारलं मॅडम. तिनं नाव दिलंय. पण ती म्हणाली, मॅडमनाही एक विचारून ये. त्यांच्या घरी कोण आहे?”

“उद्या सांगते म्हणावं,” मी म्हणाले, त्याचं तिकीट त्याच्या हातात दिलं आणि पुढच्याला आत बोलावलं.